लाकडी पुलाखाली

परवा कुंभाराकडे घागर घ्यायला गेले होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली आहे आणि देडतलाईहून भावाचा फोन आला होता, "ताई, घागर बऱ्हाणपूरहूनच आण, इथल्या पाझरतात." आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात. यंदा घरात एक घागर वाढली आहे, ती नानांची. वडिलांना जाऊन अजून चार महिनेही झाले नाहीत. कुंभारणीने ढिगातून एक लाल घागर उचलून दिली आणि मी काही विचार न करता ती कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकली. ठण्ण वाजली. बाजूची ठोकली, ती जरा बद्द. कुंभारीण म्हणाली, "बाई, सगळ्या एकाच भट्टीच्या आहेत, ठोकून काय पाहता?" मी म्हटलं, "ही पास, ती नापास." शब्द तोंडातून गेला आणि मग माझा मलाच ऐकू आला. भर उन्हात, भर बाजारात मला रडू कोसळलं. ती बिचारी घाबरली, "राहू द्या बाई, दुसरी देते," म्हणाली. मी पहिलीच घेऊन घरी आले.

खरं तर मी हळवी बाई नव्हे. तीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलेल्या बाईला हळवं होणं परवडत नाही. पोरं त्याचीच वाट पाहत बसलेली असतात. पण वैशाखाचं काय करायचं ते मला गेल्या वर्षापासून कळेनासं झालं आहे.

वैशाख तसा कुणाचाच लाडका महिना नाही. अकरा वाजले की बऱ्हाणपूरचे रस्ते ओस पडतात, नळाचं पाणी हात भाजतं. निंबोल्याला माझं सासर, तिथे या दिवसांत बागेच्या कडेला उभं राहिलं की केळीच्या फाटक्या पानांची नुसती फडफड ऐकू येते, दुसरं काही नाही. तापी इतकी आक्रसते की जैनाबादच्या बायका पात्रातल्या वाडीतली टरबुजं डोक्यावर घेऊन घोटाभर पाण्यातून या काठाला येतात. आणि घरातलं लाकूड बोलायला लागतं. पावसाळ्यात खांदा लावल्याशिवाय न लागणारं दार आता एका बोटाने लागतं, खाटेचे सांधे करकरतात, कपाटाच्या फळीत फट पडते. आपण याला उन्हाळ्याची कटकट म्हणतो. नाना म्हणायचे, "वैशाखातलं लाकूड खोटं बोलत नही." ओल्या दिवसांत चांगला खांबही बद्द वाजतो आणि किडलेलाही बद्दच वाजतो. दोघांतला फरक कळायला लाकूड आतपर्यंत वाळावं लागतं. म्हणून पुलाची तपासणी वैशाखात व्हायची, आणि माझी प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी त्या पुलाखाली गेली.

नाना मूळचे रावेरकडचे. सुताराचा मुलगा, कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आला आणि इकडचाच झाला. मिलला बांबू लागायचा, बांबू देडतलाईच्या जंगलात, आणि जंगलातून तो बाहेर काढायला एक छोटी रेल्वेलाईन होती, मिलच्याही आधीच्या काळातली. त्या लाईनवर देडतलाई गावाबाहेरच्या नाल्यावर एक अख्खा लाकडी पूल. चार जाड सागवानी खांब, त्यांच्या डोक्यावर आडवी तुळई, अशा एका चौकटीला मिस्त्री लोक घोडी म्हणायचे. सात घोड्या नाल्यात ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरून बांबूने लादलेल्या ट्रॉल्या जायच्या. या सात घोड्यांचा सांभाळ करणं हे नानांचं काम. लोक त्यांना पूल मिस्त्री म्हणायचे. शाळेत "वडील काय करतात?" असं विचारलं की मी "पूल" एवढंच सांगायचे.

तपासायची पद्धत साधी होती. लांब दांड्याची हलकी हातोडी घ्यायची, खांब गुडघ्याशी, कमरेशी आणि डोक्याच्या उंचीवर असा तीनदा ठोकायचा आणि ऐकायचं. आतून भरीव असेल तर ठण्ण. वाळवीने किंवा कुजीने खाल्ला असेल तर बद्द, रिकाम्या पेटीवर थाप मारल्यासारखं. चांगल्यावर खडूने गोल, वाईटावर फुली. मला आणि भावाला नाना डोळे मिटून उभे करायचे आणि विचारायचे, "सांगा, पास का नापास?" भाऊ अंदाजाने ठोकून द्यायचा. मी मात्र चुकत नसे. "या पोरीचा कान माझा आहे," असं नाना आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, "कान तुमचा असू द्या, डोकं माझं असलं म्हणजे मिळवली." खालून वर पाहिलं की फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा नानांच्या टोपीवर पडायच्या. नाल्यात पाणी नसायचं, नुसते तापलेले गोटे. सुट्टीचा कंटाळा म्हणजे काय हे मला कधी कळलं नाही.

मग जंगलातला बांबू सरला, ट्रकवाले आले आणि लाईन बंद झाली. रूळ उपटून नेले. पूल तेवढा कुणाला नको होता म्हणून राहिला. नानांना मिलच्या सुतारकामात टाकलं. ज्या माणसाने आयुष्यभर नाल्यातल्या पुराशी हुज्जत घातली, तो ऑफिसातल्या खुर्च्यांचे पाय दुरुस्त करू लागला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. निवृत्त झाल्यावर नाना भावाने देडतलाईला बांधलेल्या घरी राहायला गेले. मग आई गेली. नाना सकाळी पेपर वाचायचे, दुपारी झोपायचे, संध्याकाळी पुलापर्यंत चालत जाऊन यायचे. नाल्यापलीकडे एक लहान वस्ती आहे, तिथली पोरं शाळेला गावात येतात. पावसाळ्यात नाला भरला की ती या पुलाच्या उघड्या तुळयांवरून यायची, एक हात दप्तराला आणि एक हात हवेत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. नाना ते पाहून घरी यायचे आणि त्या संध्याकाळी नीट जेवायचे नाहीत.

गेल्या वर्षी चैत्राच्या शेवटाला, मी नुकतीच सुट्टीला माहेरी गेले होते, तेव्हा एक तरुण इंजिनिअर दारात आला. अंकित नाव. डोक्याला रुमाल, घामाघूम. "मिस्त्री जी का घर यही है?" म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत त्या घराच्या दाराशी कुणी मिस्त्री हा शब्द उच्चारला नव्हता. सरकारने तो पूल दुरुस्त करून पायी माणसांसाठी खुला करायचं ठरवलं होतं. वर नव्या फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि बोर्ड लागणार होता "धरोहर पैदल पुल" असा. कोणते खांब ठेवायचे आणि कोणते बदलायचे हे कुणीतरी सांगायला हवं होतं. तपासणीची मशीन इंदूरहून यायची होती, पण ती येईपर्यंत पाऊस आला असता. "मैंने भी ठोक के देखा, अंकल जी," तो म्हणाला, "मुझे तो सब एक जैसा सुनाई देता है." नाना हसले. आत गेले आणि ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली हातोडी घेऊन आले.

त्या दिवसापासून घराचा रंगच पालटला. नाना पाचला उठून दाढी करू लागले. "धरोहर म्हणजे काय व शालू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "जुनी, जपून ठेवायची वस्तू, नाना." दुसऱ्या दिवसापासून माझी वहिनी सुनंदा सकाळी ओट्यावरून विचारायला लागली, "धरोहर उठली का? चहा झाला." नाना तिच्या त्या चेष्टेवर खूश होते. आई गेल्यानंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, आणि पुढे जे झालं ते सांगताना हे आधी सांगायला हवं.

तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले, शिडी धरायला आणि डोक्यावर छत्री धरायला. पहिल्या दोन घोड्या झाल्या. दोन खांबांना वरच्या टोकाला चिरा पडून भुसा झाला होता, तिथे नानांनी फुली मारली. सगळं पूर्वीसारखंच. तीनदा ठोकायचं, मान तिरपी करायची, डोळे मिटायचे, मग खडू. तिसऱ्या घोडीच्या डावीकडच्या खांबावर त्यांनी हातोडी मारली आणि बद्द आवाज आला. इतका बद्द की अंकितलाही ऐकू यावा, पण तो पलीकडे फोनवर होता. नानांनी मान तिरपी केली, डोळे मिटले, हसले आणि छान मोठा गोल काढला.

मी म्हटलं, "नाना, हा परत ठोका ना."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या हातवाऱ्यावरून समजून घेतलं, परत ठोकला. परत तोच आवाज. "घंटा आहे घंटा," ते म्हणाले. "तुझ्या दहावीच्या वर्षी बसवला हा मी. याले काय होते?"

पुढे मी फक्त ऐकत राहिले. चौथ्या घोडीत एक, पाचव्या घोडीत एक, असे आणखी दोन खांब मला बद्द वाटले आणि दोन्हीवर नानांनी गोल काढला. "हा तुझ्या लग्नाच्या साली." "हा पुरात गेलेल्याच्या जागी, मीच तासला." जिथे कीड डोळ्यांना दिसत होती तिथे ते डोळ्यांनी सांगत होते, आणि जिथे दिसत नव्हती तिथे आठवणीने. कान त्यात कुठेच नव्हते.

संध्याकाळी वहिनीला विचारलं तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "ताई, तुमाले आत्ता समजलं? दोन वर्षं झाले. कुकरच्या शिट्ट्याबी ऐकू येत नही. पन माणूस मोठा हुशार, तोंडाकडे पाहून सगळं ओळखते. मले म्हणे, कोणाले सांगू नको." मी लेक. महिन्यातून दोनदा फोन करणारी. फोनवर ते "हो, हो, बरं आहे" म्हणत आणि मला वाटायचं, नाना हल्ली कमी बोलतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. नानांनी मूठ झाकली होती, आणि ती उघडायची म्हणजे मी उघडायची. अंकितला सांगितलं असतं तर तो चांगला मुलगा होता, त्याने समजून घेतलं असतं. पण दुसऱ्या दिवशी नानांना कुणी हाक मारली नसती. नानांना तोंडावर सांगावं तर आपलेच दात, आपलेच ओठ. मी स्वतःशी हिशोब मांडून पाहिला. पूर्वी या पुलाने बांबूच्या ट्रॉल्या पेलल्या, आता चालणारी माणसं, त्यांचं ओझं ते किती? तीन खांब पोकळ असले तरी बाकीचे पेलून धरतीलच की. मग डोळ्यांपुढे श्रावणातला नाला आला, झाडांचे ओंडके घेऊन येणारा, खांबांना धडका देणारा, आणि वर एकदम पळत सुटलेली शाळेची पोरं. गणिताच्या बाईला हे उत्तर चुकतंय हे कळायला वेळ लागला नाही.

सकाळी सहाला, नाना दाढी करत होते तेव्हा, मी एकटी पुलावर गेले. ओल्या फडक्याने तीन गोल पुसले आणि तिथे तीन फुल्या मारल्या. घाईत एक फुली वाकडी आली. घरी येऊन चहा घेतला. चोरी करणाऱ्याला कसं वाटतं ते मला त्या चहाने कळलं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. अंकितने आदल्या संध्याकाळीच सगळ्या खुणांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. नऊ वाजता आम्ही पोचलो तेव्हा तो खांबाशी फोन धरून उभा होता. "अंकल जी, ये तो कल गोल था. ये तीनों. किसी ने शरारत की है क्या?"

नाना खांबाजवळ गेले. त्या वाकड्या फुलीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग दुसऱ्या खांबाशी गेले, मग तिसऱ्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझ्या हाताला अजून खडू होता, मी तो पदरात पुसत होते.

"मीच मारल्या," नाना म्हणाले. मग त्याला समजावं म्हणून हिंदीत, "मैंने ही किया. सवेरे आया था. कल धूप में ठीक से सुना नहीं. बूढ़ा हो गया, बेटा. बदल डालो तीनों."

लाकडाच्या बाबतीत नानांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं. मिलच्या साहेबांनी पुलाला घाईने पास करा म्हणून दम दिला तेव्हासुद्धा हा माणूस खोटं बोलला नव्हता. अंकित म्हणाला, "कोई बात नहीं, अंकल जी," पण त्याच्या आवाजातला आदर पाव आणा कमी झालेला मला ऐकू आला. माझा कान नानांचा आहे, मला बारीकसारीक सगळं ऐकू येतं. घरी आल्यावर त्यांनी हातोडी फडक्यात गुंडाळली आणि परत ट्रंकेत ठेवली.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. चहा घेतला का, सासरी बाग कशी आहे, जावयांचा गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. मीच घरात मांजरासारखी पाय न वाजवता फिरत होते. आखाजीच्या दिवशी घागरी भरून झाल्या, अंगणात पोरींचा झोका चालू होता, नाना ओट्यावर एकटे बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "नाना, त्या फुल्या..."

"आँ?"

"त्या फुल्या, नाना. पुलावरच्या."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर हाताचा पंजा कानामागे धरला. "जरा जोरानं बोल, माय."

घरात वहिनी होती, अंगणात शेजारच्या बायका होत्या. जोरात बोलले असते तर सगळ्यांनी ऐकलं असतं. कबुली ओरडून द्यायची नसते हो, ती हळूच द्यायची असते, आणि माझ्या बापाला हळू ऐकू येत नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "पुरणपोळी आणू का?" ते म्हणाले, "आण."

आखाजीनंतर खांब काढले. नाना पळसाच्या सावलीत दगडावर बसून पाहत होते. कामगारांनी तीनही खांब मध्यातून कापले. पहिल्यातून वाळवीचा पिठासारखा भुसा भळाभळा बाहेर आला, आत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी. दुसऱ्यातही तेच. नानांनी तो भुसा मुठीत घेतला आणि हळूहळू सोडून दिला. माझ्या दहावीचं साल, माझ्या लग्नाचं साल. तिसरा कापला. तो आतून पूर्ण भरीव होता. तांबूस, तेलकट, नुकता तासल्यासारखा, आणि सागवानाचा वास नालाभर पसरला.

तिसऱ्या खांबाच्या बाबतीत मी चुकले होते. मला तिथे खरंच बद्द ऐकू आलं होतं, की दोन ऐकल्यावर तिसराही तसाच असणार असं ठरवून मी ऐकलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पुरात गेलेल्या खांबाच्या जागी नानांनी स्वतः तासून उभा केलेला तो खांब अजून पन्नास वर्षं उभा राहिला असता. नानांनी त्याच्या कापावर तळहात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग कामगारांना म्हणाले, "हा फेकू नका. याचे कठड्याचे खांब करा." अंकित तिथेच होता. "ये वाला तो अच्छा था, अंकल जी," तो म्हणाला. नानांनी मान हलवली, "हां, गलती हो गई." दुसऱ्याची चूक असं पदरात बांधून घेणं मी तरी कुणाकडे पाहिलं नाही, आणि ते पाहताना मला नाल्यात तोंड लपवावंसं वाटलं.

या गोष्टीला आता वर्ष झालं. पूल उभा आहे. गेल्या श्रावणात नाला दोनदा पुलाच्या कमरेपर्यंत आला, ओंडके आदळले, आणि पोरं छत्र्या घेऊन वरून शाळेत गेली. पौषात नाना गेले. थंडी सोसली नाही असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेली माणसं म्हणाली, सोनं झालं, पिकलं पान होतं. खरं आहे. पण मला दुपारी जरा डोळा लागला की स्वप्नात हातोडी ऐकू येते आणि ती बद्द वाजते की ठण्ण, हे जागं झाल्यावर आठवत नाही. गेल्या आठवड्यात अंकितचा फोन आला. लाकूड वाळून बोल्ट सैल झाले आहेत, ते आवळायचे आहेत आणि सगळे खांब परत ठोकून पाहायचे आहेत. "मैडम, अंकल जी ने कहा था, इसके बाद आपको बुलाऊँ." केव्हा म्हणाले, असं मी विचारलं. "उसी दिन," तो म्हणाला, "जब पुल चालू हुआ." मी त्याला अजून काही उत्तर दिलेलं नाही. एक खांब माझ्या हातून वाया गेलेला आहे.

तो दिवस मात्र मला जशाच्या तसा आठवतो. ज्येष्ठ होता, ढग नुसते वरवर फिरत होते. पुलाच्या तोंडाशी फीत बांधली होती, पलीकडच्या वस्तीतल्या बायका लुगडी बदलून आल्या होत्या, पोरं नवे कपडे घालून एकमेकांना ढकलत होती. अंकितने नानांना फीत कापायला बोलावलं. नाना म्हणाले, फीत दुसऱ्या कुणाला कापू द्या, मिस्त्रीची जागा वेगळी असते. मग त्यांनी त्या लाईनवरची रीत सांगितली, जी मी लहानपणी कधी पाहिली नव्हती, कारण पूल नव्याने चालू होताना पोरांना जवळ येऊ देत नसत. खांब बदलून पूल परत चालू व्हायचा तेव्हा पहिली भरलेली ट्रॉली वरून जाताना पास करणारा मिस्त्री पुलाखाली उभा राहायचा. ज्याने पास म्हटलं, त्याचं डोकं खाली. चार लोक हसले, दोघांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांना वाटलं, आता हा म्हातारा काठी टेकत खाली उतरणार.

नाना माझ्याकडे वळले. त्या तीन फुल्यांबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदा आणि शेवटचं बोलले.

"शालू, तू जाय खाली," ते म्हणाले. "खडू तुझा होता."

मी साडीचा काठ धरून उतरणीवरून नाल्यात उतरले. वरून कुणीतरी विचारलं, "मैडम कहाँ जा रही हैं?" मी तिसऱ्या घोडीखाली, नव्या खांबाशेजारी जाऊन उभी राहिले. वर फीत कापल्याचा गलका झाला, मग फळ्यांवर पावलं आली. आधी पोरांची, धडधड. मग बायकांची. खांब हूं की चूं करत नव्हते. मी वर पाहत होते आणि फटींतून मला चपला दिसत होत्या, पायजम्याच्या कडा, जोडवी. सगळ्यात शेवटी एक काठी आणि दोन सावकाश पावलं.

ती तिसऱ्या घोडीवर येऊन थांबली. नानांनी काठीने फळीवर तीनदा ठोकलं आणि वाकून फटीतून खाली पाहिलं. त्यांचा अर्धा डोळा आणि टोपीची कड मला दिसत होती.

"काय म्हणते व?" त्यांनी विचारलं.

"पास, नाना," मी म्हटलं.

ते तसेच वाकून राहिले. माझं तोंड सावलीत होतं, त्यांना ते दिसत नव्हतं. मी जोरात म्हटलं, "पास!" ते वाट पाहत होते. मग मी घसा फाटेस्तोवर ओरडले, "पास आहे, नाना! पास आहे!" पलीकडे पोचलेली माणसं वळून बघायला लागली, पोरं हसायला लागली, आणि मी नाल्यात उभी राहून रडत ओरडत होते.

नानांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांच्या अर्ध्या डोळ्यावरून मला ते खालून स्पष्ट कळत होतं. "बरं," ते म्हणाले, काठी उचलली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे चालत गेले.